भुतांचा जमाखर्च

वऱ्हाडात भुतांची परिस्थिती पहिल्यापासूनच बेताची आहे. इंग्रजी गोष्टींतल्या भुताला ज्या सोयी लागतात, म्हणजे धुकं, ओलसर तळघर, सहा-सहा महिने न दिसणारं ऊन, खिडकीवर आपटणारी वेल, त्यांतली एकही आमच्याकडे धड मिळत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या घरात गेला की भुतालासुद्धा डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवूनच बाहेर पडावं लागेल. जुनी माणसं सांगतात की आमच्याकडची भुतं मध्यरात्रीपेक्षा भर दुपारी बाराला जास्त निघतात. ते मला पटतं. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं, मग भूत दिसणार नाही तर काय दिसणार? मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर आणि चकवा शिवारात अशी कामाची वाटणी ठरलेली. चकव्याचं काम म्हणजे रात्री घरी निघालेल्या माणसाला एकाच धुऱ्याभोवती पहाटेपर्यंत फिरवायचं. तालुक्याच्या कचेऱ्या वाढल्यापासून त्यालाही फारसं काम उरलेलं नाही.

हा विषय निघायचं कारण आमची कन्या. तिला कॉलेजात प्रश्न घातला होता : दोन अभिजात कथांमधील गॉथिक घटकांची तुलना करा. गुण दहा. कथा नेमून दिल्या होत्या. एक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची ‘माकडाचा पंजा’, दुसरी रवींद्रनाथ टागोरांची ‘क्षुधित पाषाण’. आमच्या घरात साहित्यावरचे प्रश्न माझ्याकडे येतात, कारण मी चार विनोदी लेख छापून आणले आहेत. आणि गणिताचे प्रश्न माझ्या बायकोकडे जातात, कारण मी बँकेत आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. तुलना म्हटलं की मला कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारून डावीकडे ‘नावे’ आणि उजवीकडे ‘जमा’ लिहिण्यापलीकडे दुसरी पद्धत येत नाही. तेव्हा रेघ मारली.

गॉथिक म्हणजे काय, हे आधी मलाच समजून घ्यावं लागलं. १७६४ साली होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रज गृहस्थानं एका किल्ल्यावर कादंबरी लिहिली आणि तेव्हापासून ही फॅशन सुरू झाली. तीत घर हेच मुख्य पात्र. माणसं येतात, मरतात, पण घर लक्षात ठेवतं. एवढं वाचल्यावर माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे गढी! वऱ्हाडातल्या गावोगावी देशमुख-पाटलांची पांढऱ्या मातीची गढी असते. अर्धी पडलेली, एका बुरुजावर निवडुंग, आत कोणी तरी कधी तरी पुरलेलं धन, आणि त्या धनावर नाग. पावसाळ्यापूर्वी गावातल्या बाया घर सारवायला तिथलीच माती नेतात, त्यामुळे गढी दरवर्षी थोडी थोडी शेजारपाजारच्या भिंतींवर जाऊन बसते. वॉल्पोलसाहेबांना हे सुचलं नसतं.

आता गोष्टी. ‘माकडाचा पंजा’ १९०२ सालची. व्हाइट नावाचं एक कुटुंब, बाप, आई आणि हर्बर्ट नावाचा एकुलता एक मुलगा. बाहेर पाऊस, आत शेकोटी, बापलेकांचा बुद्धिबळाचा डाव. तेवढ्यात २१ वर्षं हिंदुस्थानात काढलेला एक सार्जंट-मेजर येतो. त्याच्या खिशात माकडाचा वाळलेला पंजा. एका फकिरानं तो मंतरलेला आहे. तीन माणसांना प्रत्येकी तीन इच्छा पुऱ्या करून मिळतात. मेजर पंजा आगीत फेकतो, म्हातारा व्हाइट तो काढून घेतो. काय मागावं कळेना. मुलगा म्हणतो, दोनशे पौंड मागा, घर मोकळं होईल. म्हातारा मागतो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातला माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला. कंपनी कुठलीही जबाबदारी घेत नाही, पण सेवेची दखल म्हणून काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम किती, ते वाचकांना कळलंच असेल. पुढं आई दुसरी इच्छा मागायला लावते, पोरगं परत यावं म्हणून. रात्री दार वाजतं. यंत्रात सापडलेलं, मरून दहा दिवस झालेलं ते काय दारात उभं असेल, या धास्तीनं बाप तिसरी इच्छा मागतो. दार उघडतात तेव्हा रस्ता मोकळा असतो.

टागोरांची गोष्ट १८९५ची. तिचा नायक आपल्या जवळचा निघाला. निजामाच्या राज्यात बरीच नावाच्या गावी कापसावरचा महसूल गोळा करणारा अधिकारी! कापूस, महसूल आणि निजाम, एवढं जुळल्यावर ही गोष्ट वऱ्हाडी नाही म्हणायला जीभ रेटत नाही. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं तेही शेवटी थकलेल्या पैशांपायीच. असो. तर या अधिकाऱ्याला नदीकाठचा अडीचशे वर्षांपूर्वीचा एक संगमरवरी महाल राहायला सापडतो. कचेरीतला म्हातारा कारकून करीम खान सांगतो, दिवसा बसा, रात्री राहू नका. साहेब राहतात. मग पैंजण, अत्तर, अदृश्य अरबी सुंदरी, सगळा सरंजाम. पहाटे मेहेर अली नावाचा एक वेडा महालाभोवती फिरत ओरडत असतो, दूर राहा, सगळं खोटं आहे म्हणून. करीम खान शेवटी सांगतो की या महालात इतक्या वासना अतृप्त जळाल्या आहेत की तिथला दगड न् दगड भुकेला झाला आहे आणि जिवंत माणूस दिसला की त्याला गिळायला बघतो.

हे सगळं तो अधिकारी एका रेल्वे जंक्शनवर गाडीची वाट पाहताना परक्या प्रवाशांना सांगतो. सुटकेचा उपाय सांगणार, एवढ्यात गाडी येते. पहिल्या वर्गातला एक इंग्रज त्याला ओळखून आत बोलावतो. गोष्ट तिथेच तुटते. ऐकणारे दोघं दुसऱ्या वर्गात बसतात, आणि ही थाप की खरं, यावरून त्यांचं जन्माचं वितुष्ट येतं.

कन्येनं घटक भराभर लिहून काढले. वादळ, दोन्हीकडे. जुनं घर, एकीकडे महाल, एकीकडे साधी कौटुंबिक वस्ती. इशारा देणारा, दोन्हीकडे. अतृप्त वासना, दोन्हीकडे. शेवटी तात्पर्य : हाव वाईट. तिच्या बाईंनी वर्गात हेच सांगितलं होतं म्हणे.

इथं मी हरकत घेतली.

मी आजवर जितक्यांदा ‘माकडाचा पंजा’वर कोणाला बोलताना ऐकलं, तितक्यांदा म्हाताऱ्या व्हाइटला लोभी म्हटलेलं ऐकलं. आता तुम्हीच बघा. हातात अल्लाउद्दिनाच्या दिव्यासारखी वस्तू आली आहे. माणूस काय काय मागेल? राजवाडा मागेल, पेट्रोलपंप मागेल, अमरावतीत राजकमल चौकात कोपऱ्यावरचा गाळा मागेल. या बापड्यानं काय मागितलं? घरावरच्या कर्जाची थकलेली बाकी. एक पौंड वर नाही की खाली नाही. व्याजात सूटसुद्धा मागितली नाही. आमच्या काउंटरवर असा माणूस आला तर आम्ही त्याला आदर्श कर्जदार म्हणून खुर्ची देऊ. आणि त्याला शिक्षा काय, तर पोटचा पोर यंत्रात! उलट तो टागोरांचा कापूस-साहेब. त्याला घर नको, कर्ज नाही, पगार निजामाचा. त्याला हवी होती भुतांची मेजवानी. दोघांनी बजावून सांगितलं, एकानं समजुतीनं, एकानं ओरडून, तरी गेला. त्याचं काय वाकडं झालं? चार रात्रींची झोप मोडली, आणि सांगायला एक झकास गोष्ट मिळाली. गाडी आल्यावर पहिल्या वर्गात बसून गेला.

कन्या म्हणाली, “बाबा, हा मुद्दा पुस्तकात नाही.”

नसेलच. हा मुद्दा बदलीचा आहे, आणि बदलीचं दुःख व सुख दोन्ही समजायला बँकेतच असावं लागतं. ज्याची बदली होऊ शकते त्याला भूत चाटून जातं, खात नाही. व्हाइट कुटुंबाला बदली नव्हती. ज्या घराची बाकी फेडायची त्याच घरात, त्याच दाराआड, रात्रभर बसायचं होतं. मेहेर अलीलाही बदली नव्हती, म्हणून तो अजून फेऱ्या मारतो आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली, आणि समजली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. हा जेकब्ज लेखक होण्यापूर्वी, आणि झाल्यावरही काही वर्षं, लंडनच्या पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँकेत कारकून होता. १८८३ ते १८९९. सोळा वर्षं! शिवाय तो भुताखेतांचा लेखक नव्हेच. त्याचं नाव झालं ते खलाशांच्या विनोदी गोष्टींवर. म्हणजे बचत बँकेतला कारकून, फावल्या वेळात विनोदी लिहिणारा. मी हे घरी दोनदा वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “त्यानं नोकरी सोडली ना पण?” संसारी बाई बरोबर कुठं बोट ठेवते बघा.

टागोरही सुटले नाहीत. त्यांनी १९०५ साली पतिसरला, आपल्या जमीनदारीत, शेतकऱ्यांसाठी एक कृषी बँक काढली. सावकाराच्या व्याजातून कुळं सुटावीत म्हणून. पुढं नोबेल मिळालं, तर त्याचे पैसेही तिच्यातच ठेवले. ती बँक शेवटी बुडाली. कविवर्य आणि थकबाकी हे दोन शब्द एका वाक्यात आणताना मला संकोच वाटतो, पण काय करणार, आलेच.

म्हणून मला वाटतं, जेकब्जच्या गोष्टीतली खरी भीती दार वाजण्यात नाही. ती आकड्यात आहे. आम्हा बँकेतल्या लोकांचं सगळं सुख एका क्षणात असतं, संध्याकाळी ताळा जुळतो त्या क्षणात. दहा रुपयांचा फरक पडला तर आम्ही जेवायला जात नाही. सोळा वर्षं ज्या माणसानं ताळा जुळवला, त्यालाच हे सुचू शकतं की एके दिवशी आकडा पै-पैशानं जुळेल आणि तेच पाहून माणसाची शुद्ध हरपेल. मागितले दोनशे, आले दोनशे. कंपनीनं एकशे नव्वद दिले असते तर म्हाताऱ्याला आयुष्यभर म्हणता आलं असतं की हा नुसता अपघात. त्या दहा पौंडांत त्याची सुटका होती.

कन्येला हे काही पटलं नाही. “पण मग दोष कोणाचा?” तिनं विचारलं. दहा गुणांत हा उपप्रश्न नव्हता, पण तिनं विचारला.

काही वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंगांनी आमच्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, अमरावती आणि अकोला दोन्ही त्यांत. त्याच वर्षाच्या आसपास सरकारचा नियम झाला की आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी ‘पात्र’ ठरावं लागतं. सातबारा हवा, थकलेलं कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. नाही तर ‘अपात्र’. मेलेल्या माणसाला हे दोन शिक्के लागतात, हे कुठल्याही गॉथिक लेखकाला सुचलेलं नाही.

एक बाई अशा पैशांसाठी काउंटरवर आली होती. वय माझ्या आईएवढं. बरोबर पुतण्या. मी पासबुकात नोंद छापून दिली. तिनं पासबुक पुतण्याला न देता मलाच उलट दाखवलं आणि विचारलं, “भाऊ, हे पैसे कशाचे म्हून लिवलं तुमी?” यंत्रात ठरावीक अक्षरांची जागा असते, तिथे उमटलं होतं ‘ट्रान्सफरने जमा’. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरं झालं.” पुतण्याला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून तो समजावून सांगू लागला. तिनं त्याला हातानंच गप्प केलं.

जेकब्जच्या गोष्टीत बाप त्या कंपनीच्या माणसाला विचारतो, किती? एवढा एकच शब्द. या बाईनं किती ते विचारलं नाही. कशाचे ते विचारलं. आणि जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि तिला ते तसंच हवं होतं. दोष कोणाचा, या प्रश्नाला मी कन्येला हे उत्तर सांगितलं. तिनं वहीत काही लिहिलं नाही. “लिहू का?” असंही विचारलं नाही.

पण दोष व्हाइटचा नाही, याबद्दल मी ठाम आहे. थकबाकी फिटावी असं वाटणं हे पाप असेल तर वऱ्हाडात पुण्यवान माणूस औषधालाही मिळायचा नाही. माझा राग त्या फकिरावर आहे. आणि त्या बाबतीत माझ्या बाजूचा एक साक्षीदार आमच्या सध्याच्या अकोल्याच्या शाखेत आहे. आमचे दफ्तरी. त्यांना सगळे बुवा म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली. घरी तीन एकर कोरडवाहू कापूस, राहायला मूर्तिजापूर. मी अमरावतीहून येतो-जातो, तेव्हा परतीच्या गाडीत आमची मूर्तिजापूरपर्यंत सोबत असते. (हायवेनं का जात नाही, असं कोणी विचारील. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला, हे मान्य. त्यापूर्वीच्या वर्षांत त्या रस्त्यानं माझ्या कमरेला जे केलं, त्याची नोंद कोणत्याही पुस्तकात नाही. मी रेल्वेचाच.)

एकदा गाडीत बुवांना मी पंजाची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, “साहेब, त्या फकिराले काय पडलं होतं?”

“त्याला दाखवायचं होतं की नशिबापुढे कोणाचं चालत नाही.”

“हे तं आमच्या गावातल्या लहान पोरालेबी मालूम हाये. याच्यासाठी माकडाचा हात कापाची काय गरज होती?”

या एका वाक्यावर मी कन्येच्या दहा गुणांपैकी सात बुवांना देऊन टाकतो.

“अन् त्या बुढ्यानं पयल्याच टायमाले, पोरगं सुखरूप ठेव अन् दोनशे दे, असं काऊन नाही मांगतलं?”

“अटी वाचल्या नसतील.”

“अटी कोन वाचते साहेब? आपल्या बँकेचे कागद कोन वाचते? तुमीच तं म्हनता, इथी करा सही, अन् इथी, अन् मांगं इथी.”

मी विषय बदलला. म्हटलं, बुवा, तुम्हाला तीन गोष्टी मागायला सांगितल्या तर?

“पयलं तं कापसाले भाव. मंग बाकीचे दोन तुमी घ्या, पोरीच्या लग्नाले.”

तेव्हा मला एक जुनी हकीकत आठवली, ती मी त्यांना सांगितली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, गिरण्या अडल्या, आणि त्यांनी आपल्याकडे धाव घेतली. वऱ्हाडच्या कापसाला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. मुंबईत शेअरबाजाराला वेड लागलं. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि त्या पडझडीत बँक ऑफ बॉम्बेसारखी बँकसुद्धा १८६८ साली बुडीत निघाली. आपली ही रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली, कापूस न्यायला. तोवर तो भाव निघून गेला होता.

बुवा खिडकीबाहेर पाहत होते. बोरगाव मागं पडलं होतं.

“मंजे साहेब, थो भाव भेटला तिकडच्या पोराइच्या जिवावर?”

“हो. लाखांनी मेले.”

“आपल्या लोकाइले मालूम होतं काय?”

“व्यापाऱ्यांना होतं. शेतकऱ्यांना नसावं.”

“अन् मालूम असतं, तं कापूस नसता इकला काय?”

मी म्हटलं, “विकला असता.”

“मीबी इकला असता,” बुवा म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पिशवीतून पुडी काढली, माझ्यापुढं केली, मी नको म्हटलं, तशी परत ठेवली. स्वतःही घेतली नाही.

“मंग मांगाचं काय, साहेब?” ते म्हणाले. “भाव मांगाचा, पन आकडा नाही सांगाचा. आकडा सांगतला का तो फकीर बरोबर तेवढाच मोजून देते.”

मी म्हटलं, “बुवा, आकड्याशिवाय भाव कसा? हमीभावाला आकडा लागतोच. आकडा नसला तर तो आशीर्वाद झाला, भाव नव्हे.”

त्यांना हे पटलं असावं, कारण ते एकदम चिडले. काही तरी बोलणार होते. पण गाडीचा वेग कमी झाला, यवतमाळ-अचलपूरकडच्या त्या बंद पडलेल्या शकुंतलेचे रूळ गवतात दिसायला लागले, आणि लोक दाराकडे सरकू लागले. मूर्तिजापूर आलं. बुवांनी डबा घेतला, छत्री घेतली, आणि “उद्या सांगतो” म्हणून उतरले.